नेलपॉलिशचा ठिपका

रविवारी सुगतचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची वंदना, ठरलं होतं. नातेवाईक मागे लागले, शेवटी मीच हो म्हटलं. सासूबाई मात्र ऐकेनात. "मुडदा कोनं पाह्यला? माह्या लेकाले मेला कावून म्हनता?"

हिमालयात बर्फाच्या कडेला, दगडांखाली राहणाऱ्या एका पतंगापायी गेला माझा शहाणा नवरा. त्या पतंगाच्या मादीला पंख नसतात, म्हणून पुस्तकांनी तिला वेगळीच प्रजाती ठरवलेलं. हा म्हणायचा, "अवं, नवरा-बायको आहेत ते! तिच्या वासावर नर कुठूनही येते." तेच सिद्ध करायला गेला, तेही माझी मरून रंगाची नेलपॉलिश उचलून. पकडलेल्या नराच्या पंखावर ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायचं, ही त्याची पद्धत. वर बर्फाचा कडा कोसळला. सॅक सापडली, हा नाही. त्याला वर्ष होत आलं; घरात आता आम्ही दोघीच.

सॅकमधला त्या पतंगाचा कोष मी फ्रिजमध्ये ठेवला होता, लोणच्याच्या बरणीशेजारी. आज भर दुपारी त्यातून मादी निघाली. करड्या लोकरीचा गोळा नुसता. मी तिला पिठाच्या चाळणीखाली झाकून कूलरसमोर ठेवलं. बाहेर जठारपेठेत ऊन असं, की रस्त्यावर चिटपाखरू नाही.

तेवढ्यात कूलरच्या वाळ्याच्या ओल्या ताट्यांवर काहीतरी फडफडलं. मग खिडकीच्या जाळीवर. मग दारावर. पांढुरके नर, एकामागून एक! बर्फाची कड सोडून ते खाली उतरतच नाहीत. अकोल्याच्या उन्हात तर जागच्या जागी मरायला हवेत.

एक आत शिरला आणि चाळणीवर बसला. बोट लावलं, तर बाप रे, हाडात शिरेल इतका गार. त्याच्या पंखावर मरून ठिपका होता.

"सुगतनं धाडले हे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, हे नर आठवडाभरच जगतात. वर्षापूर्वीचा ठिपका..." भीती वाटत होती, आणि मेला आनंदही मनात मावत नव्हता.

मी बोटाकडे पाहिलं. नेलपॉलिश लागली होती, अजून ओली.

सासूबाईंनी दार सताड उघडलं. बाहेरून झोत आला तो गार होता.

"रईवारचं नाही म्हनून सांग समद्यायले," त्या म्हणाल्या आणि गॅसवर तीन कप चहाचं आधण ठेवलं.