मास्तरांचा हात

कटिंग मास्तरांनी एका महिन्यात कात्रीला तीनदा धार लावून घेतली. तिसऱ्या वेळी धारवाला वैतागला. "मास्तर, कात्रीत काही खोट नाही. अजून घासली तर सुरी होईल तिची."

पण खोट कुठेतरी होतीच. कापडाचे वीस थर रचायचे, सगळ्यात वरच्या थरावर खडूने रेघ मारायची आणि त्या रेघेवरून कात्री न्यायची, हे काम मास्तर चाळीस वर्षं गप्पा मारता मारता करत आले होते. आता कात्री मध्येच रेघ सोडायची. एक चूक झाली की वीस सदरे वाया. पुढे जिन्यातही पाय अडखळू लागले आणि कारखान्यात कुजबुज सुरू झाली. उभ्या जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाला लोकांनी दारुडा ठरवून टाकलं. मालकांनी त्यांना गुंड्या निवडायला बसवलं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी बायकोने त्यांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी फरशीच्या रेघेवरून चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला मास्तरांनी भिंत धरली.

"झोपेची गोळी वगैरे घेता का?" बाईंनी विचारलं.

"नऊ वर्षं झाली," बायको म्हणाली. "एका डॉक्टरांनी दिली होती पंधरा दिवसांसाठी. ह्यांना कात्रीचा संशय, मला ह्यांच्या वयाचा. गोळीचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"इतकी वर्षं घेतली की हातापायांचा मेळ बिघडू शकतो. पण एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. मी सांगेन तशी हळूहळू कमी करू. हात किती परत येईल, ते मात्र आज सांगता येणार नाही."

गोळी सुटायला सात महिने लागले. चिडचिड, घाम, पहाटेपासून टक्क उघडे डोळे. मास्तर रोज रद्दीवर रेघा मारून कापत बसायचे. आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की साधी रेघ कापणं ही केवढी अजब गोष्ट आहे. डोळा पुढे धावतो, अंगठा दाबतो, खांदा नकळत सरकतो, डावा हात कागद नेमका तेवढाच ओढतो. ह्यांना एकमेकांची खबर कोण देतं? एवढा मोठा कारभार आपल्या अंगात चालला होता आणि आपल्याला पत्ताच नव्हता. मास्तर थक्क झाले. जेवताना बायकोचा घास न बघता बरोब्बर तोंडात जायचा, तेही ते स्वतःचं जेवण थांबवून बघत राहायचे.

"काय बघताय?"

"तुझा हात."

"बरंच लवकर सुचलं," बायको म्हणाली.

मग मालकांनी एकच संधी दिली. वीस थर, एक रेघ. चुकलं तर कायमच्या गुंड्या. आजूबाजूची मशीनं थांबली. मास्तरांनी कात्री घातली. ती मंद चालली, दोनदा थबकली, पण रेघ सोडली नाही. टोकाला पोचल्यावर त्यांनी सगळ्यात खालचा थर उचलून वरच्याशी लावून पाहिला. सुताचाही फरक नव्हता. हे आपण केलं असं त्यांना म्हणवेना. हाताकडे बघत ते वाकून तसेच उभे राहिले.

"मास्तर, मान वर करा," मालक हळूच म्हणाले. "कापड भिजतंय."