समोरचा बुवा

अप्पांच्या चाली आधी मोबाइलवर रेकॉर्ड करून बघितल्या होत्या. झांजेचा आवाज फाटतो, अप्पांचा गळा कुठेतरी मागे. मग ठरवलं, घरीच नीट करायचं. मी लॅपटॉपवर गाणी बनवतो; हे सगळं व्हिडिओ बघून शिकलोय, गुरू वगैरे कोणी नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. आचऱ्यात भजनी बुवा म्हणून नाव आहे त्यांचं. डबलबारी करायचे. दोन बुवा समोरासमोर, एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला गाऊनच उत्तर द्यायचं. आता बाऱ्या सोडल्या. चाली सगळ्या स्वतःच्या, आणि सगळ्या फक्त डोक्यात. त्या राहाव्यात एवढंच मला हवं होतं.

"एकदाच गातलंय," त्यांनी आधीच बजावलं. "परत परत सांगू नको."

पहिला प्रयत्न मित्राच्या, कौस्तुभच्या, मागून आणलेल्या गेमिंग लॅपटॉपवर. माइक लावला, खिडक्या बंद केल्या. अप्पांनी पेटी ओढली, आलाप घेतला आणि थांबले.

"समोर कोण बसलो आसा रे?"

"कोण नाय, अप्पा."

"मगे ह्यो सूर कोण धरून बसलो? तोय उतरलेलो."

लॅपटॉपचा पंखा. खरंच, अप्पांच्या पट्टीच्या, काळी चारच्या, जरासा खाली घुंई करत होता. मी त्यावर महिनाभर काम करत होतो, मला कधी ऐकूच आला नाही.

"आधी तेका सुरात आण, मगे माका बोलव." पेटीवर कापड टाकून उठले.

लॅपटॉप बाहेरच्या खोलीत ठेवून उपयोग नव्हता. आमच्या भिंती कौलांपर्यंत जात नाहीत, इकडे शिंकलं तर तिकडे कळतं. म्हणजे नवा घ्यायचाच.

कुडाळला गंधारच्या लॅपटॉपच्या दुकानात गेलो. अप्पांना कुडाळातच पेटीचा भाता दुरुस्त करायचा होता म्हणून तेही आले. माझं सगळ्यात जड गाणं पेनड्राइव्हवर नेलं होतं, चाळीस ट्रॅकचं. अप्पांनी गंधारला एसी बंद करायला लावला.

पहिला लॅपटॉप तगडा. सगळं गाणं लोण्यासारखं वाजलं. हाच पाहिजे, मनात म्हटलं. आणि मग पंखा सुरू झाला.

"इलो बुवा," अप्पा म्हणाले.

दुसरा पातळ, त्याला पंखाच नाही. अर्ध्या गाण्यात आवाज तडतडायला लागला, खालून तव्यासारखा तापला.

"तापलो काय हळू चलता," गंधार म्हणाला. "तुझ्या कामाक पयलोच बरो." बरोबरच होतं त्याचं.

अप्पांनी दुसऱ्याला कान लावला. पेटी घेताना भात्यातून हवा गळते का ऐकतात, अगदी तसा. "मुको आसा," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पण झिला, तुझी गाणी ह्येच्यार तडतडतली. तुका व्हयो तो घे. मी काय, एक दिस गातलंय नि गप बसतलंय."

मी मुका घेतला. मेमरी मात्र सोळा जीबी, कारण ह्यात नंतर वाढवता येत नाही. माझ्या गाण्यांचं काय, झालेले ट्रॅक फ्रीज करत जायचं, म्हणजे मशीनवरचा भार उतरतो. वेळ लागतो. चालतं.

रविवारी सकाळी पखवाजावर बाबलीमामा बसले. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. कसलाच आवाज नाही. अप्पा म्हणाले, "तू लाव तुझा काय ता, तवसर गळो मोकळो करतंय," आणि गजर उचलला.

त्यांना वाटलं, अजून चालूच नाही. मी तसंच चालू ठेवलं. हा माणूस घरात असा गातो हे मला माहीतच नव्हतं. माणसं नाहीत, माइकची भीती नाही. वरच्या सुरावर गेले ते तिथेच खेळत बसले, आणि उतरताना एक वळण असं घेतलं की बाबलीमामांचा हात क्षणभर थांबला.

"हां, आता चालू कर," गजर संपल्यावर म्हणाले.

मी तोच गजर लावून हेडफोन त्यांच्या कानाला लावला. डोळे मिटून ऐकलं. मांडीवर बोटं चालत होती.

"खंयचो बुवा रे ह्यो?"

"आचऱ्याचो."

"बरो गाता मेलो."

आता पेटीवर कापड पडणार, मला वाटलं. एकदाच म्हणाले होते. अप्पांनी हेडफोन काढला, पेटी पुढे ओढली.

"बाबल्या, बस नीट. ह्येका उत्तर देवक व्हया."