तिसरा भरू दे

डॉक्टरांचा महिना आणि सारजाबाईंचा महिना यांच्यात चार आठवड्यांचा फरक होता, आणि सारजाबाईंच्या घरात डॉक्टरांचा महिना चालत नव्हता.

सोमवारी ज्ञानदा डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "अपेक्षा, शेवटच्या पाळीपासून मोजलं तर आज तेरा आठवडे दोन दिवस झाले. शुक्रवारपर्यंत ये. दोन्ही हातांचं बीपी, रक्त आणि एक सोनोग्राफी. गेल्या वेळचं पुन्हा होण्याचा धोका किती, ते चौदा आठवडे भरायच्या आतच सांगता येतं. जास्त निघाला तर रोज रात्री एक छोटी गोळी. पण ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हायला हवी."

अपेक्षा सासूकडे, सारजाबाईंकडे वळली. कुंभारीच्या कामगार वसाहतीतल्या दोन खोल्यांत वळायला फार जागा लागत नाही.

"आत्या, शुक्रवारच्या आत सोलापूरला जायचंय."

"तिसरा भरू दे की. पाळी चुकल्यापास्नं धर, आत्ता कुटं सव्वादोन झालंत. तवर कुणाला कळू द्यायचं न्हाय."

"तवर तपासणीची येळ जाती."

"येळ कुटं जाती? दवाखाना तितंच हाय."

गेल्या खेपेला सारजाबाईंनी दुसऱ्याच महिन्यात मंगळवेढ्याच्या बहिणीला फोनवर बातमी सांगितली होती. सातव्यात अपेक्षाचे पाय सुजले. उभं राहून असेल. डोकं ठणकलं, उन्हानं असेल. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पोटात अन्न नसेल. मग झटके आले. अपेक्षा वाचली, मुलगी वाचली नाही. दवाखान्याच्या कागदावर आजाराचं नाव एक्लॅम्पसिया असं होतं. ते घरात कुणाला उच्चारता येईना, म्हणून सोपं नाव घेतलं गेलं: नजर. मंगळवेढ्याची. बहिणीचं येणंजाणं बंद झालं आणि उपचार पूर्ण झाले.

अपेक्षाचा नवरा अभिमन्यू एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला होता. एक धागा तुटला की माग थांबवणारा बारकाईचा माणूस. त्याचं मत स्पष्ट होतं. "डॉक्टरांचं बी बरोबर हाय, आईचं बी बरोबर हाय," असं म्हणून तो डबा घेऊन पाळीवर गेला. मंगळवारीही गेला.

बुधवारी सकाळी टँकर आला. बायकांची रांग लागली. शेजारची दुर्गा गोड आवाजात म्हणाली, "सारजाकाकू, सून आजकाल घागर उचलंना वाटतं?"

"कंबर धरलीया तिची," सारजाबाई तत्परतेनं म्हणाल्या.

"कंबर न्हाय," अपेक्षा म्हणाली. "पोटुशी हाय मी. तेरा आठवडे, चार दिवस."

दुर्गाची घागर भरून वाहू लागली.

"अगं गप!" सारजाबाईंनी तिचा दंड धरला.

"का गप? मागल्या टायमाला गपच हुते की! पाय सुजले, गप. डोकं फुटायला आलं, गप. माज्या पोरीला कुणाची नजर लागली न्हाय. बीपी वाढलं हुतं, अन् ते कुणी मोजलं न्हाय! अन् तुमी त्या मावशीला दारात येऊ दीना. फोन उचलला, ह्योच तिचा गुन्हा!"

मग दुर्गा पदर सावरत म्हणाली, "आमाला ठावं हाय की गं. महिना झाला, फोडणी पडली की तू भाईर पळतीस."

मागच्या दोघींनीही माना डोलावल्या. म्हणजे सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं. गुपित राखलं गेलं होतं ते फक्त सोनोग्राफीच्या मशीनपासून.

सारजाबाई पालथ्या बादलीवर बसल्या. त्यांनी विचारलं, "मंग माज्या त्या फोनमुळं न्हाय झालं?" वर्षभर कुणाला विचारायचं धाडस झालं नव्हतं, असा तो आवाज होता.

"न्हाय," अपेक्षा म्हणाली. तिचा राग तसूभर उतरला नव्हता. "पर आता शुक्रवार गेला, तर तुमच्यामुळंच."

सारजाबाई उठल्या. "दुर्गे, माजं पाणी तू भर," म्हणाल्या, आणि तशाच ओल्या लुगड्यानं अपेक्षाला घेऊन रस्त्याला लागल्या.

रिक्षात बसल्यावर अपेक्षानं तोंड फिरवलं. "मला अजून लई बोलायचंय, आत्या."

"बोल की," सारजाबाई म्हणाल्या. "दवाखाना येईस्तवर बोल. तितं मातुर गप बस. बीपी मोजत्याल."