कायम खानाचा बांध

पाणी आमच्या गावात आपणहून आलं नाही, घातलं गेलं. गावचा जमीनदार, वडेरा कायम खान, त्याने पुरात स्वतःची केळीची बाग वाचवायला कालव्याचा काठ आमच्या बाजूला फोडला. भर दुपारी घरं बसली. सगळं गाव सडकेवर आलं.

तिथेच ताडपत्रीखाली माझी शेजारीण सुघरां, तिची सासू तापाने गेली. आमचं कबरस्तान पाण्याखाली. कोरडं राहिलेलं एकच होतं, वडेऱ्याच्या खानदानाचं. सुघरां त्याच्या बैठकीवर गेली. मी सोबत होते.

“साईं, म्हातारीपुरती जागा द्या.”

“तिथे माझे वडील निजलेत, बाई. आज तुमची माणसं घेतली, तर उद्या मेलेल्या म्हशीही आणाल.”

बैठकीतले लोक हसले. म्हातारीला आम्ही सडकेच्या उतारावर पुरलं. ट्रक गेला की तिथली माती घसरायची.

गहू पेरायचे दिवस आले तरी पाणी हटेना. बाग आणि कबरस्तानाभोवती वडेऱ्याने नवा बांध घातला होता, त्यामुळे पाणी वाहून जायची नाल्याची वाटच अडली होती. सरकारी साहेब आले. सुघरां त्यांना म्हणाली, “पीठ नको, तंबू नको. पाणी काढा. आमची जमीन आहे, आम्हाला पेरायची आहे.” साहेबांनी मान डोलावली आणि ते वडेऱ्याकडे जेवायला गेले.

शुक्रवारी पुरुष नमाजाला गेले, तशा आम्ही बायका फावडी घेऊन निघालो. सुघरां बांधावर नेमकी वडेऱ्याच्या कबरस्तानापाशी थांबली.

“इथे नको गं,” मी म्हणाले. “पलीकडून फोडू. तिथूनही पाणी जाईल.”

“इथूनही जाईल. घाल फावडं.”

पाणी आधी कबरींत शिरलं, मग केळींत. वडेरा अनवाणी धावत आला. “सुघरां, बाबांची कबर खचतेय. बुजव ते.”

त्याने तिचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

“सडकेवर जागा आहे, साईं,” ती म्हणाली. “माझी सासू आहेच तिथे. सोबत होईल.”

पोलीस आले तेव्हा तिने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. ती तुरुंगात असताना आम्ही तिचंही शेत पेरलं. जामिनावर सुटून आली तेव्हा गव्हाला ओंब्या धरल्या होत्या. पलीकडे वडेऱ्याचे गवंडी कबरी नव्याने बांधत होते.

“वाईट वाटतं का गं?” मी विचारलं.

तिने कबरींकडे पाहिलं.

“वाटतं,” ती म्हणाली. “तिथलं पाणी फार लवकर ओसरलं.”