नवरदेवाचे रक्त

"चालून दाखव, पोरी," नत्थुजी म्हणाले आणि माझी अनुसया ओसरीवर सात पावले चालली. मग त्यांच्या बहिणीने, आशाबाईंनी, तिची वेणी सोडून केस पाहिले, ओठ वर करून दात पाहिले, मानेवर डाग नाही याचीही खात्री करून घेतली.

"पसंत हाय," आशाबाई म्हणाल्या. "कोठी खोड नाई."

"आता आमी पोरगा पायतो," मी म्हणाले.

"पाहा ना. समोर तर बसला हाय."

"असा वरून नाई. सूर्यभानचं रगत नागपूरले धाडतो. गरमीची तपासणी. तो कागद आला का मंग सुपारी फोडू."

नत्थुजी ताडकन उठले. "काहून बाई? माह्या पोराले बाजारातला बैल समजून राहिल्या काय?"

"बैलाचे तरी दात पायतात, नत्थुजी. माह्या पोरीचे आत्ताच पायले तुमी."

"आमच्या खानदानात असं काई नसते!"

सन अडतीसची ही गोष्ट. अकोल्याच्या दवाखान्यात, बाळंतिणींच्या खोलीत, परिचारिकेचे काम करताना मला तेव्हा अठरा वर्षे झाली होती. चांगल्या खानदानांतल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुली तिथे मेलेली मुले प्रसवत आणि दाराशी बसून सासवा त्यांच्याच नशिबाला बोल लावीत. गरमी, म्हणजे उपदंश, त्यांना नवऱ्याकडून लागलेली असे; पण नवऱ्याचे रक्त पाहा, असे कोणी म्हणत नसे. माझी लेक त्या खाटेवर निजणार नाही, हे मी केव्हाच ठरवले होते. तिला बाप नव्हता. तिच्यासाठी बोलणारी मी एकटीच होते.

"अशा मायची पोरगी कोन करनार?" आशाबाई पदर सावरत म्हणाल्या. "बसू द्या घरीच म्हातारी होऊन!"

बंडी जुंपायची आज्ञा झाली. पण सूर्यभान जागचा हलला नाही. वीस वर्षांचा, अमरावतीला दोन वर्षे शिकून आलेला तो तरुण सदऱ्याची बाही वर सारीत म्हणाला, "घ्या, मावशी."

"गप बस!"

"बाबा, ते सात पावलं चालली. मले हात पुढं कराले काय झालं?"

आठ दिवसांनी कागद आला. रक्तात दोष होता.

माझ्यातल्या आईने त्या दिवशी गाव गोळा केले असते. माझ्यातल्या परिचारिकेने तोंड मिटले. मी सूर्यभानला एकट्याला बोलावले.

"अमरावतीले एक फोड आला होता," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "दुखत नव्हता. आपोआप बसला. मले वाटलं, गेला."

सगळे इथेच फसतात. फोड बसतो आणि रोग रक्तात उतरतो.

"सोयरीक मोडता ना?"

"तू बरा होतो का नाई, त्याच्यावर हाय."

अनुसयेला आणि वडिलांना त्याने स्वतः सांगितले. अनुसया एवढेच म्हणाली, "मी थांबतो." नत्थुजी महिन्याभरात थोरल्या मुलाला आणि सुनेला घेऊन दवाखान्यात आले. त्या सुनेची दोन मुले पोटातच गेली होती. दोघांच्याही रक्तात तोच दोष निघाला. उपचार झाले आणि पुढल्या वर्षाअखेर तिला मुलगा झाला, तो सबंध दवाखाना दणाणून टाकीत रडला.

सूर्यभान सव्वा वर्ष दर गुरुवारी सुई घ्यायला येत राहिला. गावाने चेष्टा केली, मोर्णा नदीला पूर आला, त्याचा एकही गुरुवार चुकला नाही. दुसरा कागद निर्दोष आला. सहा महिन्यांनी तिसराही.

आता तिथी धरायला नत्थुजी घरी येतील म्हणून मी वाट पाहत होते. ते आले दवाखान्यात, गावातले पाच उपवर तरुण पुढे घालून.

"या पोरायचे लगनं ठरले हायेत," ते म्हणाले. "पयले रगत घ्या. सुपाऱ्या मंग."

पिचकारी पाहताच तरुण भिंतीशी सरकले. "मले वावरात काम हाय," एक पुटपुटला.

"अरे, सुईले भेता? अन् बायका करता?" नत्थुजींनी कोट काढला आणि ते स्टुलावर बसले. "पयले माहं घ्या."

"तुमचं कोन लगन लावून राहिलं, इवाई?" मी व्याह्यांना विचारले.

"तुमी टोचा हो, इहीनबाई."

मी रबरी पट्टी आवळली. पाचही जण माना पुढे करून पाहू लागले. कोपरापर्यंत उन्हाने काळाभोर रापलेला, वर लहान मुलासारखा गोरा असा तो हात, सुई आत गेली तरी जरासुद्धा हलला नाही.