टॅपेटचा तास

अंबादासचा कान गेला होता आणि ही गोष्ट त्यानं सख्ख्या लेकीपासून वर्षभर लपवून ठेवली होती. माणसं बाटली लपवतात, आजार लपवतात; यानं कान लपवला. पण चाळीस वर्षं डेपोच्या वर्कशॉपमध्ये नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणाऱ्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं, की आता घरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा कळत नाही?

त्यात लेक, संघमित्रा, त्याच्याशी धड बोलेनाशी झालेली. एप्रिलपासून. कामापुरतं बोलायची, तेही तुटक. काय बिनसलं ते त्याला कळेना आणि विचारायचा धीर होईना. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली, घरात दोघंच, आणि दोघांत उरली होती ती एक मोटारसायकल. सत्तावीस वर्षांची म्हातारी! संघमित्रा तीच घेऊन रोज भांडुपहून गोरेगावला जायची, एका स्टुडिओच्या कपडेपटात कामाला.

दर तीन महिन्यांनी रविवारी सकाळी, इंजीन पार गार झालेलं असताना, बापलेक बिल्डिंगखाली बसून टॅपेट सेट करायचे. तेवढा तासभर ती त्याच्याजवळ बसायची. या खेपेला मात्र तिनं आधीच बजावलं होतं, की गाडी पुन्हा वाजली तर यापुढे गॅरेजलाच टाकीन. तो तासही गेला तर मग राहिलं काय?

काम तसं सोपं. व्हॉल्व्हच्या डोक्यावर केसाएवढी फट ठेवायची. जास्त झाली तर खडखडाट, कमी झाली तर व्हॉल्व्ह जळतो. गोम अशी, की पिस्टन दोनदा वर येतो आणि त्यातल्या एकाच वेळी दोन्ही व्हॉल्व्ह नीट बंद असतात. फट ठेवायची ती तेव्हा. अंबादास प्लग काढून हातानं किक हळूच दाबायचा आणि प्लगच्या भोकातून फुस्स करून हवा सुटली की थांबायचा. पोरीलाही त्यानंच हे शिकवलेलं.

आज फुस्स झालं असेल, नसेल. त्याला काही ऐकू आलं नाही. संघमित्रा चहा आणायला वर गेलेली, म्हणजे विचारायचीही सोय नाही. पिस्टन वर आलेला दिसला, तेव्हा हीच वेळ म्हणून त्यानं कामाला हात घातला. पण ती भलती वेळ होती, व्हॉल्व्ह दाबलेले; फट मुळीच सापडेना, तर स्क्रू सैल करून जादा फट केली. अहो, चाळीस वर्षांचा मिस्त्री, आणि शिकाऊ पोरासारखा फसला!

लेकीनं खाली येऊन किक मारली. अंबादासनं सवयीनं डोळे मिटले, मान तिरकी केली आणि म्हणाला, झकास. वरच्या दोन मजल्यांवरची माणसं गॅलरीत येऊन बघायला लागली, एवढी गाडी खडखडत होती.

संघमित्रानं गाडी बंद केली. चिडली नाही. त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पप्पा, हवा सुटलेली ऐकलीत तुम्ही?"

समोरून विचारलेलं त्याला ओठांवरून कळलं. थाप मारता आली असती. वर्षभर मारतच होता की. पण आता त्याला त्या थापांचा कंटाळा आला होता.

"ऐकू येत नाही गं मला," तो म्हणाला. "वर्ष झालं."

आता ही गॅरेजचं नाव काढणार म्हणून तो खाली बघत बसला. त्यानं वर पाहिलं तर पोरीचा चेहरा उतरलेला.

"मग चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी तुम्ही गाडी पुसत होतात. मी मागे उभी राहून बोलले, ते?"

"काय बोललीस?"

ती फतकल मारून खालीच बसली. त्या सकाळी ती बोलली होती आणि बाप टाकी पुसत राहिला होता. अख्खी टाकी पुसून होईपर्यंत ती मागे थांबली, मग वर निघून गेली. बापानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, असं धरून तिनं सात महिने काढले होते. अंबादासनं ती सकाळ आठवून पाहिली. टाकी किती चकचकीत झाली होती, तेवढंच आठवलं. लाज वाटली त्याला, फार लाज वाटली.

"अशी समोर बस," तो म्हणाला. "आणि परत सांग."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"पप्पा, मला शौनकशी लग्न करायचंय. तो आपल्यातला नाही."

एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की दुसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या प्रेमाकाकूंनी हातातली साडी तशीच धरून खाली वाकून पाहिलं. सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं. अंबादासनंही ऐकलं.