अंगठ्याचं माप

बोनकोड्यात मला अजून धर्मराज टर्नर म्हणतात. कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, काम करायचो. तो सुटून पंधरा वर्षं झाली, खोल्यांच्या भाड्यावर आरामात जगतोय, पण ते नाव ऐकलं की छाती फुगतेच. त्यामुळे पनवेलच्या इसाकने "काका, लेथ घ्यायचाय, तुमीच निवडून द्या" म्हटल्यावर मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो.

इसाक बंदुका दुरुस्त करतो. रीतसर परवाना, त्याच्या अब्बांपासूनचं दुकान. भातात रानडुकरं शिरायला लागली की शेतकरी आपल्या परवान्याच्या जुन्या बंदुका त्याच्याकडे आणतात. लेथ मोडल्यापासून त्या कपाटात पडून होत्या आणि गिऱ्हाईक तुटायला लागलं होतं. दुकान चिंचोळं, म्हणून लेथ आखूड हवा. आणि आखूड लेथवर बंदुकीची नळी कापायची तर ती मशीनच्या डोक्यातल्या भोकातून आरपार जायलाच हवी. अट एवढीच.

जुनी मशीनं विकणाऱ्या विश्वजितकडे जासईच्या गोदामात दोन लेथ होते. एक गंजलेला, एक ताज्या हिरव्या रंगातला. माझा डोळा हिरव्यावर.

"शेठ, बंदुकीला तो गंजका न्या," विश्वजित म्हणाला. "ह्याचं होल बारीक आहे."

"काका, नळी गाडीत हाय," इसाक म्हणाला. "घालून बघू?"

चारचौघांत मला माप शिकवतात! मी हिरव्याच्या भोकात अंगठा घातला. अब्बांच्या वेळेपासून आमचं ठरलेलं होतं, नळीचं जाड टोक म्हणजे धर्मराजचा अंगठा. अंगठा सहज आत गेला.

"नळी कशाला आनतोस? मी मेलोय काय? बिनधास्त घे."

मी त्याच्या अब्बांचा दोस्त. इसाकने हिरव्याचे पैसे मोजले.

तिसऱ्या दिवशी लेथ दुकानात बसला. इसाकने नळी घातली. जाड टोक भोकाशीच अडलं. त्याने फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मी हळूच नळीच्या टोकाशी अंगठा धरला. अंगठाच बारीक होता. पंधरा वर्षांत हाताचे घट्टे गेले, शुगरने अंग उतरलं आणि मला पत्ताच नाही.

इसाकने विश्वजितला फोन लावला. गंजका लेथ सकाळीच विकला गेला होता.

"नाय नाय, काकांनी बरोबर बघितलेला," इसाक फोनवर म्हणाला. "माप मीच चुकीचं सांगितलं."

फोन माझ्यापासून हातभर लांब होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी त्या हिरव्या रंगाकडे बघत बसलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

इसाकने नळी फडक्यात गुंडाळली.

"काका, दुसरा बघायला कधी येताव?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"विश्वजितला परत फोन लाव," मी म्हणालो.

"आता कशाला?"

"त्याला सांगायचंय, अंगठा माझा होता."